स्नाइप-आयटीवर कंपनीची सॉफ्टवेअर लायसन्स सांभाळताना: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कंपनीतली सगळी सॉफ्टवेअर लायसन्स स्नाइप-आयटीमध्ये आणून आता बरेच महिने झालेत, म्हणून नीट लिहावं म्हटलं. टूल आवडलंय आणि ते आम्ही चालू ठेवणार आहोत. पण आमचे पैसे खरे वाचले ते दोनच ठिकाणी, एक म्हणजे माणूस नोकरी सोडून जातो त्या दिवशी आणि दुसरं म्हणजे लायसन्स रिन्यू करायचं नसेल तर तशी नोटीस द्यायची तारीख उलटायच्या आधी. त्यामुळे टूल या दोन वेळांना किती उपयोगी पडतं त्यावरच मी त्याला मार्क देतोय, डॅशबोर्ड किती छान दिसतो त्यावर नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे ओपन सोर्स आहे, एजीपीएल लायसन्सखाली, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर फुकट आणि ती कटकट नको असेल तर पैसे भरून होस्ट केलेलं पण मिळतं. मुळात ते लॅपटॉप, मॉनिटर वगैरे मालमत्तेची नोंद ठेवण्यासाठी आहे आणि लायसन्स हा त्यातला एक भाग. एका लायसन्सला किती सीट आहेत, म्हणजे ते किती जागी वापरता येतं, ते टाकायचं, मग प्रत्येक सीट एखाद्या माणसाच्या किंवा मशिनच्या नावावर चेकआऊट करायची, म्हणजे दिली अशी नोंद करायची. सीट परत घेऊन दुसऱ्याला देता येते की नाही यासाठी वेगळी टिक आहे, आणि ती महत्त्वाची आहे कारण मशिनसोबत आलेली ओईएम लायसन्स सहसा त्या मशिनलाच बांधलेली असतात, ती मोकळी झाली असं दिसायला नको. प्रॉडक्ट की (सॉफ्टवेअर चालू करायचे कोड) कोणी बघायच्या याची परवानगी पण वेगळी देता येते, हे मला फार आवडलं.

आता सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट. हे टूल स्वतःहून नेटवर्क स्कॅन करून कुठल्या मशिनवर काय इन्स्टॉल आहे ते शोधत नाही. तुम्ही जे भराल तेच त्याला माहीत. त्यामुळे खरी मेहनत टूल बसवण्यात नव्हतीच, ती माहिती गोळा करण्यात गेली. अकाउंट्सकडून बिलं घेतली, कंपनीच्या कार्डांची स्टेटमेंट घेतली, प्रत्येक सर्व्हिसच्या ॲडमिन पॅनलमधून युजरची यादी काढली आणि मग सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलने सगळं आत टाकलं. कार्डाची स्टेटमेंट बघाच बघा, कारण डिपार्टमेंटवाल्यांनी परस्पर घेतलेली महिन्याच्या वर्गणीची टूल्स फक्त तिथेच सापडतात, आयटीला त्यांचा पत्ताही नसतो, आणि एकाच कामाची दोन-तीन वेगवेगळी टूल्स वेगवेगळ्या टीम वापरताना दिसतात.

माणूस सोडून जातो तेव्हाचं सांगतो, कारण इथे टूलने खरंच पैसे वसूल करून दिले. ज्याच्या नावावर काही चेकआऊट आहे असा युजर स्नाइप-आयटी डिलीट करू देत नाही, आधी सगळं परत घ्यावं लागतं. सुरुवातीला एचआरला हे त्रासाचं वाटलं, पण आता तोच आमचा नियम झालाय, नावावरची शेवटची सीट परत आल्याशिवाय आयटीची एनओसी नाही. फक्त एक लक्षात ठेवा, इथे सीट चेकइन केली (परत घेतली) म्हणजे तिकडे व्हेंडरच्या पॅनलमधली सीट आपोआप सुटत नाही, ती हाताने काढावीच लागते. आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर जाणाऱ्या माणसाचे मेल हवेत म्हणून त्याचं लायसन्स चालू ठेवायची गरज नसते, मेलबॉक्स शेअर्ड (अनेकांना मिळून बघता येणारा) मेलबॉक्स करून टाका, ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही, साइन-इन मात्र ब्लॉक करा. लिटिगेशन होल्ड (कोर्टाच्या कामासाठी मेल पुसले जाऊ नयेत म्हणून लावलेली अट) असेल तर लायसन्स लागतं, तेवढं आधी बघून घ्या.

चालू माणसांच्या न वापरलेल्या सीट हा जरा नाजूक विषय आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमध्ये ७, ३०, ९० आणि १८० दिवसांचे वापराचे रिपोर्ट मिळतात, आम्ही ९० दिवसांचा घेतो. पण रिपोर्टमध्ये शून्य दिसलं की लगेच सीट काढायची असं करू नका. कोणी लांब रजेवर असतं, कोणाला ते सॉफ्टवेअर फक्त वर्षअखेरीच्या कामाला लागतं, त्यांना आधी विचारा. असं न विचारता काढलं की लोक पुढच्या वेळी गरज नसतानाही सीट धरून बसतात आणि मग त्या कधीच परत येत नाहीत.

रिन्यूअलबद्दल. स्नाइप-आयटी एक्स्पायरीच्या आधी मेल पाठवतं, त्यासाठी सर्व्हरवर शेड्यूलरचा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालू असायला लागतो, नाहीतर मेल येणारच नाहीत. पण किती दिवस आधी पाठवायचा तो आकडा सगळ्यांसाठी एकच आहे. आता काही कॉन्ट्रॅक्टमध्ये रिन्यू करायचं नाही हे ३० दिवस आधी कळवायचं असतं, काहींत ६०, काहींत ९०, आणि नाही कळवलं तर आपोआप वर्षभरासाठी रिन्यू. म्हणजे एक्स्पायरीची तारीख खरं तर उपयोगाची नाहीच, उपयोगाची आहे ती नोटीसची शेवटची तारीख! आम्ही तो आकडा १२० ठेवलाय आणि नोटीसची तारीख प्रत्येक लायसन्सच्या नोट्समध्ये लिहितो, मेल थोडे जास्त येतात पण चालतंय. मेल एका माणसाला न पाठवता आयटी, अकाउंट्स आणि खरेदी तिघांच्या कॉमन पत्त्यावर जातो, कारण माणूस बदलला की मेल वाचणारंच कोणी उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक कमिटमेंटमध्ये तर सीट मधेच वाढवता येतात पण कमी करता येत नाहीत, खरेदी किंवा रिन्यूअलनंतर ७ दिवसांत केल्या तर केल्या, मग वर्षभर थांबा. आणि वार्षिक कमिटमेंट घेऊन पैसे महिन्याला भरत असाल तर एप्रिल २०२५ पासून त्यावर ५ टक्के जास्त लागतात, त्यामुळे एकरकमी भरणं परवडतंय का ते अकाउंट्सला एकदा विचारा.

जिथे टूल कमी पडतं ते म्हणजे मोजायची पद्धत. एक माणूस एक सीट असं असेल तर उत्तम, पण सगळी लायसन्स तशी नसतात. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावा एसईची जी वर्गणी आणली ती कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांवर आहे, जावा किती जण वापरतात त्यावर नाही, कंत्राटी लोकसुद्धा त्यात धरतात. तिथे सीट मोजून काय उपयोग, तिथे ओरॅकलचं जेडीके (जावाचं सॉफ्टवेअर) कुठल्या कुठल्या मशिनवर आहे ते शोधून ओपनजेडीके हा फुकट पर्याय चालतंय का बघायला लागतं. व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिन चालवायचं सॉफ्टवेअर) ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद झालं आणि वर्गणी प्रोसेसरच्या कोअरवर, एका सीपीयूला कमीत कमी १६ कोअर धरून, म्हणजे ८ कोअरचा प्रोसेसर असला तरी पैसे १६ चे. डॉकर डेस्कटॉप (डेव्हलपर ॲप्लिकेशन चालवून बघायला वापरतात ते टूल) २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीला फुकट नाही, आणि डेव्हलपर ते फुकट समजून टाकत राहतात. या सगळ्यांसाठी आम्ही नोट्समध्ये पहिल्याच ओळीत मोजणी कशावर आहे ते लिहितो, माणूस, मशिन, कोअर की पूर्ण कंपनी. व्हेंडरचं ऑडिटचं पत्र आलं तर आधी हीच ओळ लागते.

फ्लोटिंग, म्हणजे अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या लायसन्सचं पण तसंच. किती घ्यायची हे स्नाइप-आयटी सांगू शकत नाही, त्यासाठी लायसन्स सर्व्हरचा लॉग बघा. फ्लेक्सएलएम या लायसन्स सर्व्हरच्या लॉगमध्ये डिनाइड म्हणून ओळी येतात, म्हणजे कोणीतरी मागितलं आणि मिळालं नाही. त्या ओळी क्वचितच येत असतील तर वाढीव लायसन्स घ्यायच्या आधी त्याच्या ऑप्शन्स (सेटिंगच्या) फाइलमध्ये टाइमआऊट लावून बघा, सॉफ्टवेअर उघडं ठेवून जेवायला गेलेल्याचं लायसन्स परत येतं. आमच्या इंजिनिअरिंग टीमची वाढीव मागणी यानेच थांबली.

मशिन आपोआप स्कॅन करणारं हवं असेल तर हे घेऊ नका, किंवा सोबत दुसरं इन्व्हेंटरी टूल ठेवा. सर्व्हर सांभाळणारं घरात कोणी नसेल तर होस्टेड घ्या. स्वतः चालवणार असाल तर प्रत्येक अपग्रेडच्या आधी डेटाबेससोबत डॉट ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलचा बॅकअप वेगळ्या जागी घ्या, त्यातली ॲप की (माहिती उलगडायची किल्ली) गेली तर एन्क्रिप्ट केलेली माहिती परत वाचता येत नाही.