‘ओरिजिनल इटालियन’ कार्ब आणि बायपासवरची ट्रायल

कार्बवाली (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर असलेली) मारुती एस्टीम हौसेने जपणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. माझी गाडी पुण्यात रोज ऑफिसला जाते, इंजिन १२९८ सीसीचं. मला सिग्नलवरून सुटताना पिकअप हवा होता. ट्यूनर म्हणाला, "साहेब, चाळीसमध्ये पैसे घालवू नका, पंचेचाळीसची जोडी टाका. नवीकोरी ओरिजिनल इटालियन वेबर आहे, परत मिळायची नाही." वेबर म्हणजे कार्बची नावाजलेली इटालियन कंपनी.

ट्रायल त्याने दिली रात्री, मोकळ्या बायपासवर, तिसऱ्या गिअरला, पाच हजार आरपीएमच्या वर. तिथे गाडी खरंच सुटली. खरी मेख तिथेच होती.

४५ म्हणजे थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) बोअरचा, म्हणजे नळीचा, व्यास मिलिमीटरमध्ये. त्याच्या आत हवेची वाट अरुंद करणारा चोक असतो (थंड गाडी सुरू करताना ओढतो तो नव्हे), आणि तो बदलता येतो. माझ्या कार्बमध्ये ३८ चा होता. जोडी लावली की एका सिलिंडरला एक बॅरल (कार्बची एक नळी), म्हणजे जेमतेम ३२५ सीसी. कमी आरपीएमला एवढ्या रुंद वाटेत हवेचा वेग पडतो आणि जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल नीट ओढलंच जात नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीत पाय दिला की गाडी आधी घुसमटायची, मग गचका देऊन पुढे. शहरात चालवायला या इंजिनला चाळीसची जोडी आणि ३० ते ३२ चा चोक पुरतो. हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तक्रार केली तर त्याने आयडल जेट (कमी आरपीएमचं पेट्रोल देणारा) आणि पंप जेट (एकदम पाय दिला की पेट्रोल फवारणारा) मोठे टाकून घुसमट झाकली. ट्यूनिंगचे पैसे वेगळे. प्लग काजळीने काळेभोर झाले, डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येऊ लागला. असं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात.

शेवटी दुसऱ्या, जुन्या मेकॅनिककाकांनी कार्ब उघडला. थ्रॉटलचा स्पिंडल (झडप ज्यावर फिरते तो दांडा) बोटाने हलत होता, तिथूनच हवा शिरत होती. मेन जेटवर १२० छापलेलं, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर हवं. एकात १.२५ ची पिन आरपार गेली, तोच आकडा असलेल्या दुसऱ्यात १.२० ची अडकली. माल सरळ नकली. वेबरचे हे कार्ब कित्येक वर्षं स्पेनमध्ये बनतात, त्यामुळे 'नवीकोरी इटालियन' ऐकलं की तिथेच थांबा. जेट पिनने मोजून घ्या, स्पिंडल हलवून बघा आणि ट्रायल भर ट्रॅफिकमध्ये मागा.

सगळ्यात राग येतो तो गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या कार्बचा. "भंगार आहे, मी विल्हेवाट लावतो" म्हणत त्याने तो ठेवून घेतला. चांगला चालू कार्ब होता. आता म्हणतो, विकला.

पक्कं बिल त्याने दिलं नाही. पण 'ओरिजिनल इटालियन' असं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं आणि पैसे यूपीआयने गेले होते. दोन्ही जपून ठेवलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.