दोन लूपर सिंक करावेत की लॅपटॉप घ्यावा?
लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तो परत परत वाजवणारं यंत्र. असे दोन हार्डवेअर लूपर एकत्र चालवायचे तर मिडी क्लॉक (उपकरणांना एका लयीत ठेवणारा सिग्नल) लागतं: क्वार्टर नोटमागे (साधारण एका ठोक्यामागे) 24 पल्स, एक लूपर मास्टर, दुसरा त्याच्या मागे. गोची इथेच होते. काही लूपर टेम्पो घेतात, पण आधी रेकॉर्ड झालेला लूप त्याप्रमाणे ताणत नाहीत. मग दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सरकतात. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये हे नक्की बघाच.

लॅपटॉपवर एबलटन लाइव्हसारख्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक एकाच घड्याळावर, त्यामुळे ही कटकट नाही. तिथे लेटन्सी, म्हणजे आवाज ऐकू यायला होणारा उशीर, सांभाळा: 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूने जेमतेम 2.7 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 21. गाताना एवढा उशीर खटकतोच. खर्चात ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारं उपकरण) आणि फूट कंट्रोलरही (पायाने दाबायची बटणं) धरा.

गिटार घेऊन एकट्याने गाणाऱ्याला एकच लूपर पुरे. अनेक थर, इफेक्ट आणि बदलता टेम्पो हवा असेल तर मी बेलाशक लॅपटॉप सुचवेन.