टॉन्सिलसाठी ईएनटीकडे गेलो त्याचा अनुभव, 5 पैकी साडेचार

मुलगा आठ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून दर महिन्या-दीड महिन्याने घसा धरायचा, 102 ताप, थुंकी गिळतानाही रडायचा, जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. दरवेळी जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणायचं, तिसऱ्या दिवशी पोरगं टुणटुणीत आणि काही आठवड्यांनी परत तेच. मला वाटायचं औषधच हलकं देतायत, जास्त पॉवरचं हवं. शेवटी मैत्रिणीने या कान-नाक-घसा डॉक्टरांचं सुचवलं.

पहिल्यांदा त्यांनी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. अकरा होत्या, एकेक वाचून तीन बाजूला काढल्या, म्हणाले ताई यात नाक गळतंय, खोकला आहे, ही साधी व्हायरल सर्दी, ही मोजायची नाही. उरल्या आठ. मग सांगितलं की वर्षात 7, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3 असे खरे अटॅक असतील तर ऑपरेशनचा विचार करायचा, आणि खरा म्हणजे घसादुखीसोबत 101 च्या वर ताप, मानेत गाठ, टॉन्सिलवर पांढरं किंवा स्ट्रेपची (घसा धरवणाऱ्या एका जंतूची) टेस्ट पॉझिटिव्ह, यातलं काहीतरी हवंच.

मग मी विचारलं की एवढी औषधं घेऊन जात का नाही. त्यांनी मला उत्तर द्यायच्या आधी मुलाला विचारलं, बाळा सकाळी दात घासायच्या आधी दातांवरून जीभ फिरव, कसं लागतं? तो म्हणाला बुळबुळीत. ते म्हणाले तोच बायोफिल्म. जंतू एकेकटे न राहता एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि वरून स्वतःच बनवलेला चिकट थर पांघरतात. टॉन्सिल वरून गुळगुळीत वाटला तरी त्याला खोल खाचा असतात, स्क्रीनवर दाखवल्या, एका खाचेत पांढरा कण अडकलेला स्पष्ट दिसला. तिथे हा थर धरतो. औषध मोकळे फिरणारे जंतू मारतं म्हणून ताप उतरतो, पण थराच्या आतले बरेचसे सुस्तावलेले असतात, वाढतच नाहीत, त्यांच्यावर नेहमीचा डोस चालत नाही, कधीकधी हजारपट लागेल इतका फरक पडतो आणि तेवढं औषध माणसाला देताच येत नाही. मला आमची गच्चीवरची टाकी आठवली, पाणी कितीदा बदला, भिंत घासल्याशिवाय वास जात नाही. वरवर घेतलेल्या स्वॅबमध्ये आतले जंतू सापडतीलच असं नाही हेही तेव्हाच कळलं. 2003 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी काढलेले टॉन्सिल मायक्रोस्कोपखाली बघून त्यात असे थर दाखवले होते म्हणे.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ते म्हणाले नुसत्या घोरण्यासाठी काढलेल्या टॉन्सिलमध्येही बायोफिल्म सापडतो, त्यामुळे तो आहे म्हणून कापा असं होत नाही, अटॅक किती आणि केवढे ते बघायचं. माझ्या धाकटीला वर्षात तीनदा झालं होतं, तिला सरळ नाही म्हणाले, थांबू, बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं. ऑपरेशन विकायचं असतं तर दोघांचं एकदम करून टाकलं असतं. आणि अँटिबायोटिक मध्येच बंद करायचं नाही हे दोनदा बजावलं, कारण स्ट्रेपचा घसा नीट बरा केला नाही तर पुढे हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतं.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं, दुसऱ्या दिवशी घरी. चौथ्या दिवशी घशात पांढरा थर दिसला, मला वाटलं परत पू झाला. रात्री साडेदहाला फोन केला, ज्युनियर डॉक्टरांनी उचलला, म्हणाले ती जखमेवरची खपली आहे, ओली असते म्हणून पांढरी दिसते, पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटेल, तेव्हा ताजं रक्त दिसलं तर थेट या. कान दुखतोय म्हणून रडत होता तेही नॉर्मल, नस एकच आहे. फोन उचलला यालाच मी एक स्टार देईन. बाराव्या दिवशी त्याने आमटीत भाकरी कुस्करून खाल्ली. आता पाच महिने झाले, एकदा सर्दी झाली, घसा धरला नाही.

अर्धा स्टार कापला कारण अपॉइंटमेंट असूनही पावणेदोन तास बसावं लागतं, आजारी लेकरू मांडीवर घेऊन ते फार होतं. आणि घरी काय खायला द्यायचं, कधी धावत यायचं हा डिस्चार्जचा कागद फक्त इंग्रजीत आहे. दिवसभर मुलाजवळ आजी असते, तो तिला वाचता यायला हवा, प्लीज मराठीत छापा.