जुनी चार मजली सोसायटी की नवा टॉवर? ठाणे-नवी मुंबईच्या हवेत कुठलं घर बरं

नौपाडा-पाचपाखाडीत किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरमध्ये रीसेलचा फ्लॅट घ्यायचा, का घोडबंदर रोडला किंवा खारघरला नवीन टॉवरमध्ये बुकिंग करायचं, हा घोळ सध्या ओळखीतल्या किती तरी घरांमध्ये चालू आहे. कार्पेट एरिया, पार्किंग, स्टेशन किती लांब, मेंटेनन्स किती, याची तुलना सगळेच करतात आणि ती करायलाच हवी, पण मे महिन्यात रात्री अकराला हॉलची भिंत गरम लागेल का, जुलैत खिडकी उघडी ठेवता येईल का, हे फार कमी लोक विचारतात आणि मग वीस वर्षं त्याच घरात काढतात. म्हणून मी इथे फक्त ऊन, वारा आणि पाऊस एवढ्यापुरतीच तुलना करतोय.

आधी आपली हवा समजून घेऊ कारण सगळा निकाल तिच्यावरच लागतो. बांधकामाच्या दृष्टीने भारताचे पाच हवामान विभाग धरतात, त्यात आपण उष्ण-दमट. नागपूरला मेमध्ये दिवसा ४२-४३ डिग्री आणि रात्री २८ पर्यंत उतरतं, त्यामुळे जाड भिंत दुपारची उष्णता अडवते आणि रात्री गार होते, शिवाय हवा कोरडी म्हणून कूलर चालतो. आपल्याकडे दिवसा ३४-३५ आणि रात्रीसुद्धा २७ च्या आसपासच, हवेत आधीच एवढं बाष्प की घाम वाळत नाही, कूलर लावला तर खोली आणखी चिकचिकीत होते. म्हणजे इथे अंगाला बरं वाटायचं तर दोनच मार्ग, ऊन भिंतीवर-काचेवर पडू द्यायचं नाही आणि वारा घरातून आरपार जाऊ द्यायचा. अंगावरून सेकंदाला मीटरभर वेगाने हवा गेली तरी दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं, आणि हे फुकट आहे.

अडचण अशी की आपल्याकडे दुपारनंतरचा चांगला वारा पश्चिमेकडून येतो, संध्याकाळचं तिरपं ऊन पश्चिमेकडूनच येतं, आणि पावसाळ्यातली झडही नैऋत्य-पश्चिमेकडून. खिडकी बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आणि पाणी आत. कोकणातल्या घराला भोवती पडवी आणि खाली उतरलेलं छप्पर असतं ते याचसाठी. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत हेच २८ मजल्यांवर करून दाखवलं, फ्लॅट पूर्व-पश्चिम आरपार ठेवले आणि कोपऱ्यांना दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या, म्हणजे ऊन-पाऊस गच्चीत अडतो आणि वारा आत येतो. सांगायचा मुद्दा, टॉवर म्हटला की तो गरमच असणार असं काही नाही. तो कसा काढलाय त्यावर आहे.

आता जुनी सोसायटी. तळ अधिक तीन किंवा चार मजले, एका जिन्याला दोन किंवा चार फ्लॅट, त्यामुळे बहुतेक फ्लॅटना दोन बाजू, कोपऱ्याला तीनसुद्धा मिळतात. ही सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि पैसे देऊन नंतर विकत घेता येत नाही. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत हवा साधारण छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट खोलवर पोचते, समोरासमोर खिडक्या असल्या तर पाच पटीपर्यंत. नऊ फुटी छत धरलं तर वीस-बावीस फूट आणि पंचेचाळीस फूट एवढा फरक आहे हा! शिवाय प्रत्येक खिडकीवर काँक्रीटचा छज्जा असतो, बाहेरच्या भिंती बहुतेक नऊ इंची विटेच्या, आणि तीस-चाळीस वर्षांत वाढलेली झाडं तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत सावली देतात. नवी मुंबईच्या जुन्या सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर एप्रिलच्या दुपारी चालून बघा, हायवेच्या मानाने किती फरक आहे ते लगेच कळेल.

पण जुन्या घरातही आपणच वाट लावून ठेवलेली असते. मूळच्या झडपांच्या (दारासारख्या पूर्ण उघडणाऱ्या) खिडक्या काढून टू-ट्रॅक स्लायडिंग लावलं की उघडणारी जागा थेट अर्धी होते, बाल्कनी हॉलमध्ये घेतली की सावली देणारा भाग गेला आणि ऊन सरळ हॉलच्या काचेवर. रीसेलचा फ्लॅट बघताना हे बदल उलटे करता येतील का ते बघा, खिडकी पुन्हा झडपांची करणं हा फार मोठा खर्च नाही.

वरचा मजला असेल तर वेगळा विचार करावा लागतो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री सगळी उष्णता खाली सोडतो, पंखा लावला तर तो तीच गरम हवा अंगावर मारतो. बऱ्याच सोसायट्यांनी गळतीसाठी म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे (परवानगी घेतली आहे का ते जरूर विचारा), तिचा एक फायदा असा की स्लॅबवर थेट ऊन पडत नाही आणि मधून हवा खेळते, त्यामुळे शेड असलेल्या बिल्डिंगचा वरचा मजला बराच सुसह्य असतो. शेड नसेल तर निदान पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर) तरी हवं. तळमजल्याला ऊन नाही पण ओल, डास आणि समोरची पार्किंगची भिंत. माझं मत विचाराल तर जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, त्यातही कोपरा.

जुन्याची खरी भीती हवेची नाही, पाण्याची आहे. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यामुळे तीस वर्षांची बाहेरची भिंत भेगाळलेली असेल तर बेडरूमच्या कपाटामागे बुरशी येणारच, आणि सळ्या गंजून छताचे पोपडे पडत असतील तर हवेशीर खिडकीचं कौतुक काय कामाचं. ३० वर्षांच्या वरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, तो रिपोर्ट हातात घेऊन वाचा, सेक्रेटरीने तोंडी सांगितलेलं धरू नका. आणि घरात वयस्कर कोणी असेल आणि लिफ्ट नसेल तर बाकी सगळी तुलना तिथेच थांबते, हे मला कितीही वाईट वाटलं तरी.

आता टॉवर. वरच्या मजल्यावर वारा जोरात असतो, डास कमी, धूळ-आवाज थोडा कमी, समोर मोकळं असेल तर उजेड भरपूर. हे सगळं खरं आहे आणि ते कमी लेखू नये. पण एका मजल्यावर सहा-आठ फ्लॅट आणि मध्ये लिफ्टची लॉबी असा प्लॅन असेल तर मधल्या फ्लॅटला एकच बाजू मिळते, किचन आणि टॉयलेट डक्टमध्ये उघडतात, वारा येऊन खिडकीवर आपटतो पण आत येत नाही कारण बाहेर पडायला वाटच नाही. मेन डोअर उघडं ठेवलं की हवा येते, पण लॉबीकडे दार उघडं टाकून कोण बसणार?

भिंतींचंही नीट विचारा. सध्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात. काम पटकन होतं, भिंती सरळसोट, गळती कमी, पण सहा इंची काँक्रीटमधून उष्णता खूप सहज आत येते, आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंतीच्या मानाने ढोबळमानाने चौपट. तीच भिंत पश्चिमेला असेल आणि बाहेर छज्जा-झाड काहीच नसेल तर रात्री दहापर्यंत ती शेगडीसारखी गरम राहते. त्यामुळे बाहेरच्या भिंती कशाच्या, हा प्रश्न सेल्स ऑफिसमध्ये विचारायलाच पाहिजे. पश्चिमेकडची भिंत एएसी ब्लॉकची असेल तर माझ्या दृष्टीने टॉवरची मोठी जमेची बाजू.

छज्जे तर नवीन इमारतींच्या दर्शनी भागातून दिसेनासेच झालेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एप्रिलच्या मध्याला दुपारी बारा-साडेबाराला सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ८० डिग्रीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर नुसता दोन फुटी छज्जा असला तरी अख्खी खिडकी सावलीत. पश्चिमेला मात्र संध्याकाळी पाचला सूर्य २७ डिग्रीच्या आसपास खाली आलेला, तोच दोन फुटी छज्जा जेमतेम एक फूट सावली देतो, तिथे खोल बाल्कनी, उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) लागते. आतून पडदा लावून उजेड अडतो, उष्णता नाही, कारण ती काचेतून आत येऊन गेलेली असते. म्हणून दक्षिणेच्या फ्लॅटला उगाच नावं ठेवू नका, छज्जा असेल तर दक्षिण-उत्तर आरपार फ्लॅट उन्हाच्या बाबतीत सगळ्यात सोपा, आणि पश्चिमेचा हवेचा झोत कोपऱ्यातल्या खिडकीतूनही पकडता येतो.

इथेच ब्रोकरच्या एका शब्दाकडे लक्ष ठेवा. 'ईस्ट फेसिंग' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मेन डोअरची दिशा सांगत असतात. दार पूर्वेला म्हणजे हॉलची मोठी काच आणि बाल्कनी बरेचदा समोरच्या बाजूला, पश्चिमेला! ज्यांना वास्तूसाठी पूर्वेचं दार हवंय त्यांनी ते जरूर बघावं, पण उकाडा दाराच्या दिशेवर नाही, काचेच्या दिशेवर ठरतो.

दोन्हीकडे लावता येईल असं एक मोजमाप सांगतो. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यात उष्ण-दमट भागासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असं धरलंय. लक्ष द्या, उघडणारं, नुसतं काचेचं नाही. टू-ट्रॅक स्लायडिंग निम्मं धरतात, थ्री-ट्रॅक ६७ टक्के, झडपांची खिडकी ९० टक्के. समजा ६०० फूट कार्पेट, तर १०० फूट उघडायला हवं. हॉलचं बाल्कनीचं दार ८ बाय ७ म्हणजे ५६, दोन बेडरूमच्या खिडक्या मिळून ४५, किचनची १४, एकूण ११५. सगळं टू-ट्रॅक असेल तर हातात येतात साधारण ५८ फूट, म्हणजे नापास. तीच भोकं, तोच बिल्डर, पण झडपा असत्या तर १०३, पास. टेप घेऊन जा आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये उभ्याउभ्या मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

जागेप्रमाणेही फरक पडतो. घोडबंदरला पश्चिमेला येऊरचे डोंगर, त्यामुळे पायथ्याजवळच्या खालच्या मजल्यांवरचं संध्याकाळचं ऊन लवकर जातं, पश्चिमेची खिडकी तिथे तेवढी छळत नाही. नवी मुंबईत उलट, पाम बीच रोडच्या बाजूला पश्चिमेला खाडी सपाट पसरलेली, वारा मस्त पण ऊन शेवटच्या किरणापर्यंत. समोर दुसरा टॉवर येणार असेल तर दोन्हीचा हिशेब बदलतो, शेजारचा मोकळा प्लॉट कोणाचा आहे ते विचारा. आणि फ्लॅट घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रोडला अगदी लागून असेल, किंवा एमआयडीसीजवळ, तर तिथल्या रहिवाशांना विचारा की रात्री खिडक्या उघड्या ठेवता का. उत्तर नाही आलं तर आरपार वाऱ्याचे मार्क देऊच नका, तिथे एसीच चालणार, मग एएसी ब्लॉक आणि कमी काच असलेला टॉवर जास्त शहाणपणाचा. एसी २४ वर ठेवायचा, एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ब्युरोचंच म्हणणं आहे.

रो हाऊसबद्दल थोडक्यात. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज कोरियांनीच सिडकोसाठी केलं, सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती आणि प्रत्येक घराची भिंत सुटी, शेजाऱ्याशी सामायिक नाही. आता तिथली बरीच घरं वाढवून वेगळी झालीत, तरी कमी उंचीत दाट वस्ती करूनही घर हवेशीर ठेवता येतं हे अजून तिथे फिरताना दिसतं. बजेट असेल तर जरूर बघा, छप्पर मात्र तुमचंच, त्याच्या उष्णतेची आणि गळतीची जबाबदारीही तुमचीच.

मग घ्यायचं काय? ऑडिट स्वच्छ, जिना झेपतोय, रस्ता आतला, तर मी जुन्या सोसायटीतला दोन-तीन बाजू उघड्या असलेला मधल्या मजल्याचा फ्लॅट घेईन, जिम आणि स्विमिंग पूल नसले तरी. टॉवरमध्ये फक्त कोपऱ्याचा घेईन, आणि पश्चिमेला खोल बाल्कनी असेल तरच. एकाच बाजूचा, पश्चिमेला पूर्ण काच असलेला मधला फ्लॅट तिसाव्या मजल्यावरचं दृश्य कितीही सुंदर असलं तरी नको. तपासायला एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला एकदा आणि रात्री नऊला एकदा जा, भिंतीला हात लावा, उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो बघा, मग जुलैत झड लागल्यावर खिडकीच्या खालची ओल बघा. मोबाईलचा कंपास लिफ्टजवळ आणि सळ्यांजवळ चुकीचं दाखवतो, खाली मोकळ्यावर उभं राहून दिशा घ्या.

जुन्या सोसायटीत घेताय म्हणजे पुढे-मागे रिडेव्हलपमेंट येणारच, आणि तिथे सगळी भांडणं वाढीव कार्पेटच्या टक्क्यांवर होतात. त्याच मीटिंगमध्ये उठून सांगा की बाहेरच्या भिंती कशाच्या, छज्जे किती फुटी, खिडक्या झडपांच्या की स्लायडिंग आणि प्रत्येक फ्लॅटला किमान दोन बाजू, हे सगळं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, कारण प्लॅन पास झाल्यावर दिशा बदलता येत नाही. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साइटवर मंजूर प्लॅन अपलोड केलेले असतात, ब्रोशरमधलं रंगीत चित्र सोडा आणि तो प्लॅन काढून उत्तरेचा बाण कुठे आहे ते आधी बघा.