मेसचा ओला कचरा: बायोगॅस की कंपोस्ट?

नेट-झिरोचा, म्हणजे आवारातून होणारं हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा, आराखडा करताना कॉलेजं छतावरच्या सौर पॅनेलपासून सुरुवात करतात. मेसचं खरकटं मात्र गाडीत भरून डेपोवर जातं, ढिगात हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट. शिवाय त्या ढिगाचा वास आणि माश्या डेपोशेजारच्या वस्तीच्या वाट्याला येतात. म्हणून कचरा आवारातच जिरवायचा. खालचा हिशेब रोज 100 किलो ओला कचरा धरून आहे.

बायोगॅस. 100 किलोत तेवढंच पाणी मिसळायचं. 40 दिवस मुरण्यासाठी 8 ते 10 घनमीटरची टाकी लागते. रोज 8 ते 10 घनमीटर गॅस, म्हणजे साधारण 4 किलो एलपीजी मिळतो. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर चार-पाच दिवसांत एक वाचतो. सुरुवात शेणकाल्याने करायची आणि तीन-चार आठवडे खाद्य हळूहळू वाढवायचं. घाई केली की आम्लता वाढते, सामू (pH) 6.5 च्या खाली जातो आणि गॅस थांबतो. लिंबाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं आत जाऊ द्यायची नाहीत. गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे शेगडी गंजते, म्हणून वाटेत लोखंडाच्या किसाची गाळणी बसवावी आणि किस वेळेवर बदलावा.

कॅम्पसवर हे संयंत्र बंद पडतं ते बहुतेक दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. मेस बंद, टाकी उपाशी. आणि मुलं परतली की पहिल्याच दिवशी पूर्ण 100 किलो ओतले जातात. सुट्टीत थोडं शेण चालू ठेवा, नंतर पाव मात्रेने सुरू करा. दुसरी विसरलेली गोष्ट म्हणजे टाकीतून रोज बाहेर पडणारी सुमारे 200 लिटर स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ काला. तिला बाग किंवा शेत नसेल तर ती गटारात जाते. मग हा पर्याय घेऊच नये.

कंपोस्ट. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचे 10 ते 12 जाळीदार विटांचे हौद. एक हौद चार-पाच दिवसांत भरतो, खत 45 ते 60 दिवसांत तयार होतं. प्रत्येक थरावर वाळका पाला, एरवी आवारात जाळला जातो तोच. पाला वजनाने कचऱ्याच्या पाव ते तिसरा हिस्सा धरा. ओलावा 50 ते 60 टक्के हवा: मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. वास आला तर पाला कमी पडलाय किंवा हौद पालटलेला नाही. आठवड्यातून एकदा पालटावंच लागतं. पावसाळ्यासाठी वर पत्रा हवा आणि पाला उन्हाळ्यातच साठवायला हवा. सुट्टी पडली तरी हौदाचं काही बिघडत नाही.

"24 तासांत खत" देणारं विजेचं यंत्र घेऊ नका. ते कचरा तापवून वाळवतं, वीज खातं. ती पूड पुन्हा भिजली की कुजायला लागते.

मेस जवळजवळ वर्षभर चालते, स्लरी मुरवायला जागा आहे आणि रोज लक्ष देणारा प्रशिक्षित माणूस आहे, तर बायोगॅस. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर कंपोस्टच बरं. मन साशंक असेल तर आधी चार हौद बांधा.

माणसांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली ती एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कामातून. 2008 पासून कचरावेचकांची "स्वच्छ" सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. म्हणजे काम जाणणारी माणसं शहरात आहेत, ठेकेदाराला मध्ये घालायची गरज नाही. करार थेट त्यांच्या संस्थेशी करावा आणि त्यात हे लिहावं: किमान वेतनापेक्षा कमी नाही, सुट्टीच्या महिन्यांतही पगार, हातमोजे आणि गमबूट कॉलेजचे, हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला जागा. आणि आवारातला सुका कचरा विकण्याचा हक्क त्यांचाच. नवा प्रकल्प आला की हा हक्क सगळ्यात आधी ठेकेदाराकडे जातो आणि आजवर त्यावर पोट भरणारी बाई फाटकाबाहेर राहते.