होंडा सिटी व्हीटेकवर मोठी थ्रॉटल बॉडी: आठ महिन्यांनंतर

आधी गाडी सांगतो. २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, 'डॉल्फिन' टोपणनावाचं पुढचं मॉडेल यायच्या आधीची चौकोनी. १४९३ सीसी, कागदावर १०६ बीएचपी. फिल्टर आणि एक्झॉस्ट आधीच बदललेले. थ्रॉटल, म्हणजे पेडल दाबल्यावर उघडून इंजिनात हवा सोडणारी झडप (तिचं घर म्हणजे थ्रॉटल बॉडी), केबलवर चालतो, त्यामुळे चार नट-बोल्ट, एक केबल आणि दोन-तीन सॉकेट, एवढंच काम आहे असं वाटलं होतं. बदलायला खरंच पाऊण तास लागला. गाडी माणसात यायला सात आठवडे गेले.

बॉडी ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच दुखणं वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून येताना पाहिलंय. अॅल्युमिनियमचं काम दिसायला देखणं, तोंड मूळ बॉडीपेक्षा सहा मिलिमीटर मोठं, सोबत कागदी गॅस्केट आणि टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळवणारा सेन्सर.

पहिल्या सकाळी गाडी छान सुरू झाली. इंजिन तापलं आणि तमाशा सुरू. न्यूट्रलमध्ये आरपीएम ९०० वरून १८००, पुन्हा ९००, पुन्हा १८००. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "साहेब, रेस कशाला मारताय?" माझा पाय पेडलवर नव्हताच.

हे हंटिंग का होतं ते कळायला मला तीन रविवार लागले. या होंडात हवा मोजणारा मीटर नाही. मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि आरपीएम यांवरून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. त्यामुळे कुठल्या तरी फटीतून चोरून आलेली हवासुद्धा त्याच्या हिशेबात येते, तो तिला पेट्रोल देतो आणि आरपीएम चढतो. (एअरफ्लो मीटरवाल्या गाडीत तीच फट मिश्रण पातळ करते आणि गाडी मिसिंग मारते. त्यामुळे दुसऱ्या गाडीवाल्याचा सल्ला डोळे मिटून घेऊ नका.) आता आरपीएम चढलाय, पण टीपीएस म्हणतोय पेडल मोकळं आहे. ईसीयूची समजूत अशी, की गाडी गिअरमध्ये उताराला सुटली आहे. तो इंजेक्टर बंद करतो, आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, आरपीएम पुन्हा चढतो. थंड इंजिनला हा खेळ दिसत नाही, कारण तेव्हा पेट्रोल तोडायची मर्यादाच वर असते.

पण हे कळायच्या आधी गाडी गॅरेजला नेऊन झाली होती. तिथे आयडल (पेडल मोकळं असतानाचा आरपीएम) कमी करायला थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू मागे घेतला गेला. हे मात्र कोणालाही करू देऊ नका. बटरफ्लाय (थ्रॉटलमधली फिरणारी चकती) बोअरच्या, म्हणजे हवेच्या भोकाच्या, भिंतीत रुतू नये म्हणून तो स्क्रू असतो, आयडल लावण्यासाठी नाही. आयडलच्या हवेचा स्क्रू वेगळा असतो. परिणाम असा, की बटरफ्लाय बंद होताना भिंतीत चावा घेऊन बसायचा. कात्रज घाटात गिअर बदलून पेडल हलकंच दाबलं तर काही नाही, थोडं जास्त दाबलं की 'कट' आणि गाडी उडी मारायची. पुढे ट्रकची पाठ. घरी येऊन स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला. बॉडी उघडलीच होती म्हणून बटरफ्लायचे दोन बारके स्क्रूही पाहिले, तर एक बोटांनी फिरत होता. तो इंजिनात गेला असता तर हे लिहिण्याऐवजी पिस्टन शोधत बसलो असतो. दोन्ही काढून लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवले.

फट शोधायला अगरबत्ती वापरली. इंजिन चालू ठेवून धूर गॅस्केटच्या कडेने फिरवायचा, जिथे हवा ओढली जाते तिथे धूर आत वळतो. पेट्रोलचा जरा जरी वास असेल तर हा उद्योग करू नये. काही जण कार्ब क्लीनर फवारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते मला अगरबत्तीहून धोक्याचं वाटतं. धूर खालच्या डाव्या कोपऱ्यात वळला. बॉडी काढून तळाच्या फेसवर (मॅनिफोल्डला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) स्टीलची पट्टी उभी धरली, तर खालून फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.१५ मिलिमीटरचं पातं आरामात गेलं. एवढं मशिनिंग केलेला भाग आणि फेस वाकडा! जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तासभर इंग्रजी 8 च्या आकारात फिरवत घासला. कागदी गॅस्केटचं आयडलच्या हवेचं भोकही मॅनिफोल्डच्या भोकाशी जुळत नव्हतं, म्हणून शीट आणून नवीन कापलं. हंटिंग नव्वद टक्के गेलं.

उरलेलं टीपीएसमुळे होतं. तीन वायरी: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट हवा, पूर्ण उघडल्यावर ४.५च्या आसपास. माझ्याकडे बंद असताना ०.९. म्हणजे थ्रॉटल नेमका किती मिटलाय ते ईसीयूला नीट कळतच नव्हतं. स्क्रू सैल करून सेन्सर फिरवला, आकडा जमला. दुसऱ्या महिन्यात चेक इंजिनचा दिवा लागला. सर्व्हिस कनेक्टरची दोन टोकं जोडल्यावर दिवा सात वेळा लुकलुकला. त्या काळच्या होंडात सात म्हणजे टीपीएस. डिजिटल मीटरवर सगळं नीट दिसत होतं. शेवटी वडिलांचा जुना काट्याचा मीटर लावला आणि थ्रॉटल अगदी सावकाश उघडला. पाव भाग उघडल्यावर काटा क्षणभर शून्याकडे पडला. डब्यातला सेन्सर गेला कचऱ्यात, जुन्या बॉडीवरचा बसवला. त्यानंतर आजतागायत दिवा नाही. केबलचा ढिलेपणा १०-१२ मिलिमीटर ठेवलाय. ताणून बसवलेली केबलसुद्धा थ्रॉटल पूर्ण मिटू देत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न, ताकद वाढली का? पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पण ती बरीचशी डोळ्यांत धूळ आहे. तोंड मोठं असल्याने पेडल तेवढंच दाबलं तरी जास्त हवा जाते, एवढंच. सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये त्याचाच त्रास होतो, गाडी बैलासारखी हिसके देते. मी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी ते दाखवणारं) जोडून पाहिलं. जुन्या बॉडीवर, पूर्ण थ्रॉटल, साडेसहा हजार आरपीएम: काटा जेमतेम एक इंच (पाऱ्याचा). नव्या बॉडीवर अर्धा. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे २८ इंच धरला तर हा फरक दोन टक्क्यांचाही नाही. मूळ बॉडी इंजिनाला अडवतच नव्हती. हे मोजमाप मी पैसे भरल्यानंतर केलं, हा माझा गाढवपणा. गेज स्वस्त मिळतं, टी-जॉइंट त्याहून स्वस्त. पूर्ण थ्रॉटलला काटा शून्याजवळ राहत असेल तर मोठ्या बॉडीला करण्यासारखं काही शिल्लक नाही. कॅम बदलले असतील किंवा टर्बो लावला असेल तर गणित वेगळं.

मायलेज शहरात लिटरला अर्धा किलोमीटर घसरलं, त्यात माझ्या पायाचाही दोष आहे. पावसाळ्यात रिटर्न स्प्रिंगवर गंज दिसला. दर महिन्याला पुसून ग्रीस लावतो.

मग काढून का टाकली नाही? कारण पहिल्याच आठवड्यात, उत्साहाच्या भरात, मॅनिफोल्डचं तोंड भोसरीत नेऊन सहा मिलिमीटर वाढवून आणलं होतं. जुनी बॉडी आता बसते, पण मध्ये पायरी राहते. ती कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. कोणाकडे न कापलेलं व्हीटेकचं मॅनिफोल्ड पडून असेल तर कळवा, भाव बोलू.