अनिश्चितता पेलण्याचा सराव: पडद्यावर की प्रत्यक्षात?

पुढे काय होईल हे माहीत नसलं की ज्यांना फार काळजी लागते, त्यांच्यासाठी हा सराव दोन प्रकारे होतो. संगणकावरच्या सरावात छोटासा संदिग्ध प्रसंग येतो: ‘मेसेज पाठवून तास झाला, उत्तर नाही. मैत्रीण कामा_ असेल.’ गाळलेलं अक्षर भरलं की प्रसंग निरुपद्रवी ठरतो. मग त्यावर हो-नाही प्रश्न. घरबसल्या जमतं, पण न वाचता बटणं दाबत गेलं तर वाया.

काळजीमुळे रोजची कामं अडत असतील तर भर प्रत्यक्ष प्रयोगांवरच हवा, म्हणजे भीती खरी ठरते का ते करून पाहण्यावर. उदाहरणार्थ, साधा ईमेल एकदाच वाचून पाठवायचा. आधी भाकीत लिहायचं: ‘चूक राहील, साहेब चिडतील’, खात्री ० ते १०० पैकी किती. नंतर काय घडलं आणि घडलंच तर कसं निभावलं, तेही लिहायचं. घात होतो तो चोरून केलेल्या खातरजमेने: पाठवलेला ईमेल पुन्हा उघडून पाहिला, की ‘तपासलं म्हणून निभावलं’ असंच मन धरून बसतं.